सही करण्याआधी

सैन्यातून बाहेर पडलेली बाई गावात राहून कर्जाची प्रकरणे पाहते, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा धाडसाचे चित्र उभे राहते. सावकाराच्या दारात ताठ मानेने उभी असलेली, आवाज चढवून बोलणारी, कधीकाळी बंदूक चालवलेली बाई. शाळेच्या कार्यक्रमात माझी ओळख करून देणारे तर सरहद्दीवरचा शत्रू आणि गावातला शत्रू अशी जोडी लावल्याशिवाय खाली बसत नाहीत. मला त्या वेळी मनातल्या मनात हसू येते, कारण माझ्या सैनिकी आयुष्याचा फार मोठा भाग डाळ, आटा, रॉकेल आणि दुधाच्या पावडरीचे डबे मोजण्यात गेला. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होते. लढणाऱ्या तुकड्यांना शिधा, इंधन आणि वाहतूक पुरवणे हे या दलाचे काम. आज गावात मी जे काही करते, त्यातले बहुतेक त्या मोजणीतून आले आहे. शौर्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

लडाखमधल्या एका पुरवठा डेपोत मी नवी असताना हिवाळी साठवणुकीचा हंगाम चालू होता. त्या काळी नोव्हेंबरच्या सुमारास झोजिला खिंड बर्फाने बंद झाली की एप्रिल-मेपर्यंत त्या रस्त्याने काही येत नसे, म्हणून पुढच्या कित्येक महिन्यांचे सगळे आधीच भरून ठेवावे लागे. ट्रकांचा ताफा रात्री उशिरा पोहोचायचा. चालक गारठलेले, माल उतरवणारे थकलेले, आणि सगळ्यांची मनातून इच्छा एकच, की मॅडमनी एकदाची सही करावी आणि आपल्याला झोपायला सोडावे. सीआरव्ही नावाचा पावतीचा कागद माझ्यासमोर भरून तयार असे. त्यावर माझी सही पडली की त्यात लिहिलेला माल मिळाला असे ठरे, आणि पुढे एक पोते कमी भरले तरी जाब मी द्यायचा. माझ्या हाताखालचे सुभेदार साहेब वयाने माझ्या वडिलांएवढे होते. पहिल्याच रात्री मी पेन काढले तेव्हा त्यांनी कागदावर तळहात ठेवला आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, पहले गिनती, बाद में दस्तखत." मग आम्ही टॉर्चच्या उजेडात थप्प्या मोजल्या, मधूनच एखादे पोते काढून काट्यावर घातले. डबाबंद मालाच्या खोक्यांतून ते चार-दोन डबे उचलायचे, झाकणावर बोटाचे पेर आपटायचे आणि आवाजावरून सांगायचे की माल चांगला आहे की डबा फुगायला लागला आहे. हे उरकेपर्यंत पहाट होत असे. कुरकुर सगळेच करत, पण मोजू नका असे कोणी म्हणत नसे.

मी मूळची वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातली. पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्याच भागात आहे. लहानपणी त्याचे काटेरी तारांचे कुंपण आणि फाटकावरचे पहारेकरी रस्त्याने जाता-येता दिसत. डेपोत कामाला असणाऱ्यांच्या घरी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे येतात, याचे मला फार अप्रूप वाटे. आमच्या घरी पैसे यायचे ते कापूस विकल्यावर, आणि ते येण्याआधीच त्यांच्या वाटण्या झालेल्या असत: सोसायटीचे इतके, कृषी केंद्राच्या उधारीचे इतके, उरलेले दिवाळीचे. वडील हिशेब तोंडी करत आणि तो कधीच पुरा होत नसे. वर्ध्याला बी. कॉम. झाल्यावर मी सैन्याची परीक्षा दिली. वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडून इतर शाखांत स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला भारतीय लष्कराने १९९२ साली सुरुवात केली होती, हे मला एका मासिकातून कळले होते. २००३ साली चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून मी लेफ्टनंट म्हणून बाहेर पडले. गावाने पुढे मला परस्पर मेजर करून टाकले आणि त्यानंतरची माझी बढती गावाच्या लेखी कधी झालीच नाही. आजही मी 'मेजरबाई' आहे.

भरती होताना ज्या अटी माझ्यासमोर आल्या, त्या मी वाचल्या होत्या. सेवा अल्पमुदतीची; आधी पाच वर्षे, नंतर वाढवत नेता येईल अशी. शेवटी ती मर्यादा १४ वर्षांवर आली. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी २० वर्षांची सेवा लागते आणि जवानाला १५ वर्षांची. म्हणजे माझी गाडी चालवणारा जवान पेन्शन घेऊन घरी जाणार आणि मी ग्रॅच्युइटी घेऊन. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांना कायम कमिशन देण्याच्या बाजूने निकाल दिला, तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी तिथेही तसाच निकाल लागला. मी २०१७ सालीच बाहेर पडले होते. याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली की मी एवढेच सांगते की अट कागदावर होती, मला वाचता येणाऱ्या भाषेत होती, आणि ती पटली नाही तर सही न करण्याची मोकळीक मला होती. ती अट न्याय्य होती की नाही हा वेगळा वाद आहे, आणि तो ज्या भगिनींनी न्यायालयात लढला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण माझी फसवणूक झाली असे मी म्हणू शकत नाही. गावात आल्यावर कळले की ही मोकळीक किती दुर्मिळ आहे.

सैन्यातली आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. जवानाचे लग्न झाले, मूल झाले, घटस्फोट झाला, की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या आदेशात निघते आणि तिथून ती त्याच्या कायमच्या दफ्तरात जाते. घरच्या माणसांची यादी म्हणजे 'किन्ड्रेड रोल'. रुक्ष कारकुनी वाटणारे हे कागद एखाद्या घराचे भवितव्य कसे ठरवतात, ते मी एका जवानाच्या मृत्यूनंतर पाहिले. वाहन दरीत गेले आणि तो गेला. त्याच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते; सुटीत लग्न करून आलेला मुलगा कागद भरायचे टाळत राहिला होता. दफ्तरात पत्नीच नव्हती. सासरकडच्यांनी लग्न नाकारले नाही, पण ते सिद्ध करण्याची घाईही केली नाही. त्या मुलीला कुटुंब पेन्शन मिळावी म्हणून आमच्या हेड क्लार्कने लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचा दाखला, फोटो, पुरोहिताचे प्रतिज्ञापत्र असे काय काय गोळा केले, ते सांगत बसले तर लेख संपायचा नाही. मुद्दा असा की तिला पेन्शन मिळाली, कारण एका मोठ्या यंत्रणेतला एक माणूस ती नोंद पुरी करणे हे आपले काम समजत होता. नोंद अपुरी राहिली तर ठपका पलटणीवर येणार होता, त्या विधवेवर नाही.

परत आल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या माजी सैनिकांच्या बायका. कोणाच्या पेन्शनच्या कागदात जन्मतारीख चुकलेली, कोणाच्या नावात आडनाव राहिलेले. त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे अर्ज लिहून देता देता शेजारच्या बायकाही पिशवीतून कागद काढू लागल्या, आणि ते कागद वेगळेच होते.

शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या बायकोच्या हातात जे कागद येतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले. सरकारची मदत एक लाखाची. तीस हजार थेट आणि सत्तर हजार ठेवीत. ती मिळण्यासाठी प्रकरण जिल्हा समितीसमोर 'पात्र' ठरावे लागते, आणि पात्र ठरण्यासाठी शेती, कर्ज आणि वसुलीचा तगादा या सगळ्यांचा पुरावा लागतो. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असले तरच ते मोजले जाते. ज्याने परवान्याशिवाय पैसे दिले, त्याचे कर्ज सरकारी हिशेबात नाही. मरणाऱ्याला मात्र तेच सगळ्यात जास्त जाचत होते. आमच्या गावच्या एका बाईने मला अगदी शांतपणे सांगितले, "बँकेचे लोक तं कधी घरी नाई आले जी. जो रोज येत होता, त्याचं नाव कुठीच लिहेल नाई." तिचे प्रकरण अपात्र ठरले होते. शेत सासऱ्याच्या नावावर होते, आणि सासरा थोरल्या मुलाकडे राहत होता. सातबाऱ्यावर ना नवऱ्याचे नाव, ना तिचे. त्या वावरात पंधरा हंगाम निंदण-वेचणी करूनही सरकारदरबारी ती मजूरच होती.

महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या ५०५ शेतकरी विधवांची पाहणी केली होती. त्यांतल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. हा आकडा वाचून मला आश्चर्य वाटले नाही. उरलेल्या ६० टक्क्यांचे कसे काय झाले, याचेच कुतूहल वाटले. आपल्याकडे हा प्रश्न कोणी उचललाच नाही असेही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता आणि पुरुषांनी आपण होऊन जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करावा, असे गावोगाव सांगितले होते. विदर्भात त्या संघटनेला मानणारी घरे अजून आहेत. पण त्या घरांतसुद्धा बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची प्रथा बिनबोभाट चालू आहे, आणि रक्षाबंधन झाले की चार दिवसांनी भावाबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. माहेर तुटेल ही भीती त्या कायद्यापेक्षा जुनी आहे, आणि त्या भीतीवर माझ्याकडे उपाय नाही. मी फक्त एवढे करते की सही करण्याआधी कागदात काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखवते. काही जणी तरीही करतात. काही जणी पुढच्या खेपेला या म्हणतात, आणि ती पुढची खेप येत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो गटाच्या कर्जात. गावात याला 'फायनान्स' म्हणतात आणि वसुलीला येणाऱ्या पोराला 'फायनान्सवाला'. बचत गट वेगळे. तिथे बायकांची स्वतःची बचत असते. हे कर्ज कंपनीचे असते, तारण नसते, आणि पाच-सात बायका एकमेकींच्या जामीन राहतात. ते इथे इतके का पसरले याचे उत्तर फारसे गूढ नाही. पीककर्ज देणारी मुख्य संस्था जिल्हा सहकारी बँक, आणि २०१२ साली वर्धा, नागपूर आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांच्या व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. पुढे शासनाचे भांडवल मिळून त्या सावरायला काही वर्षे गेली. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नवऱ्याचे खाते थकलेले. अशा वेळी घरी येऊन, फक्त आधार कार्ड पाहून, बाईच्या हातात पैसे देणारे कोणी आले तर ती नाही कशाला म्हणेल? मीही नाही म्हटले नसते. त्यामुळे या कंपन्या म्हणजे निव्वळ राक्षस, असे बोलणाऱ्यांशी माझे पटत नाही. त्यांच्या पैशावर मुलीची फी भरली गेली आहे, शेळ्या आल्या आहेत, आजारपण निभावले आहे.

पण हिशेब पाहू. एका बाईने मला कार्ड दाखवले त्यावर ४० हजारांचे कर्ज होते, मुदत २४ महिने, हप्ता २,०८४ रुपये. व्याज किती म्हणून विचारले तर ती म्हणाली, "शेकडा साडेबारा सांगतलं होतं मॅडम." साडेबारा टक्क्यांनी वर्षाचे पाच हजार, दोन वर्षांचे दहा; चाळीस आणि दहा पन्नास, भागिले चोवीस. हिशेब जुळतो, आणि तिला तो पटला होता. मी घरातून सरक्या मागवल्या आणि ओसरीवर चाळीस मांडल्या. एक सरकी म्हणजे हजार रुपये. पहिल्या महिन्याचा हप्ता दिला की मुद्दलातल्या दीड-दोन सरक्या कमी झाल्या. वर्षाने निम्म्याच्या आसपास उरल्या. मग तिला विचारले, "आता तुझ्याकडे त्यांचे किती?" ती म्हणाली वीस-बावीस. "आणि व्याज कितीवर देते?" ती बराच वेळ सरक्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "चाळीसवरच." शिल्लक मुद्दलावर धरले तर तिचा दर साडेबाविसाच्या आसपास येतो. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि विमा म्हणून दीड हजार आधीच कापलेले, म्हणजे हातात आले साडेअडतीस हजार. ते धरले की दर सव्वीसच्या वर जातो. गंमत अशी की खरा दर कार्डावर छापलेला होता. मागच्या पानावर, बारीक टायपात, इंग्रजीत.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म वित्तासाठी, म्हणजे अशा छोट्या विनातारण कर्जांसाठी, जे निर्देश काढले, ते पुष्कळ चांगले आहेत, आणि त्यांची मराठी प्रत मी पिशवीत घेऊन फिरते. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कार्ड असले पाहिजे. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, ते एका पानाच्या माहितीपत्रकात दिले पाहिजे. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. विमा घ्यायचा की नाही हे बाईने ठरवायचे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन नाही, आणि ठरलेल्या जागी ती सलग दोनदा आली नाही तरच घरी जायचे. हे मी वसुलीच्या बैठकीत पहिल्यांदा वाचून दाखवले तेव्हा फायनान्सवाला पोरगा अवघडला. तोही बिचारा शेजारच्या तालुक्यातल्या कास्तकाराचाच मुलगा. त्याच्या डोक्यावर वसुलीचे लक्ष्य होते, आणि हे निर्देश त्यानेही कधी पाहिले नव्हते. कार्ड दाखवणाऱ्या त्या बाईच्या विम्याबद्दल कंपनीकडे लेखी तक्रार केली, तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही चौकशी करता येते, हे बायकांना आता पाठ झाले आहे. त्या प्रकरणात विम्याचे पैसे परत आले. रक्कम किरकोळ होती, पण कंपनीकडून बाईच्या खात्यात उलटे पैसे आले, हे गावाने कधी पाहिले नव्हते.

व्याजापेक्षाही मला जास्त खुपते ती सामूहिक जामिनकी. सैन्यात एकमेकांची जबाबदारी घेणे हाच पाया असतो. सेक्शनमधला एक दमला तर त्याची पिशवी दुसरा उचलतो, आणि त्यात उपकाराची भाषा नसते. पण त्या सेक्शनच्या मागे पलटण उभी असते. दमलेल्याला दवाखाना असतो, त्याच्या घरी पगार जात राहतो. इथे पाच बायकांना एकमेकींसाठी जामीन ठेवले जाते आणि त्यांच्या मागे कोणीच नसते. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या चौघी तिच्या दारात जाऊन बसतात, तिच्या घरातले भांडे उचलायचे की शेळी हे त्याच ठरवतात, आणि कंपनीचा माणूस बाजूला उभा राहून घड्याळ पाहतो. ज्या सख्यांच्या आधाराने बाई वाईट दिवस काढते, त्याच सख्या तारण म्हणून लिहून घेतलेल्या असतात. नोटाबंदीनंतरच्या महिन्यांत मजुरी रोखीने मिळेना आणि हप्ते मात्र रोखीनेच मागितले जाऊ लागले, तेव्हा विदर्भातल्या गावोगावच्या गटांत जी भांडणे झाली, त्यांच्या खुणा अजून आहेत. हळदी-कुंकवाला एकमेकींकडे न जाणाऱ्या बायका आमच्याच गल्लीत आहेत. कर्ज केव्हाच फिटले. अबोला राहिला.

त्याच सुमारास काही पुढाऱ्यांनी 'हप्ते भरू नका, कर्ज माफ करून देतो' अशी हाक दिली. मी त्या सभांना गेले नाही आणि जाऊ नका असे सांगितले, त्यामुळे काही दिवस मला कंपनीची हस्तक ठरवण्यात आले. या कर्जांना माफी देणारे सरकार नव्हते. हप्ता थांबवणाऱ्या बाईचे नाव मात्र पतनोंदीत लाल होणार होते, आणि पुढच्या वेळी तिला पुन्हा खासगी सावकाराच्या ओसरीवर जावे लागणार होते. झालेही तसेच. कर्जमाफीबद्दल माझे मत या भागात फारसे कोणाला आवडत नाही. २००८ च्या केंद्राच्या माफीत पूर्ण लाभ पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना होता. कोरडवाहू विदर्भात आठ-दहा एकरांचा धनी बागायतातल्या दोन एकरवाल्याहून गरीब असू शकतो, हे त्या रेघेत बसत नव्हते. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजनांत ती रेघ नव्हती, पण त्याही बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जापुरत्याच होत्या. ज्या देण्याचा कागदच नाही, त्याला कोणतीच माफी पोहोचत नाही. माफी नको असे मी म्हणत नाही. बुडणाऱ्याला हात द्यावाच लागतो. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीव दिला, तो आमच्याच जिल्ह्यात, पवनारजवळ. तेव्हापासून आजवर जाहीर झालेल्या माफ्या मोजल्या तर देणारे थकलेले नाहीत असे दिसेल. पण जून उजाडला की कास्तकार पुन्हा त्याच ओसरीवर असतो.

त्या ओसरीवरचा व्यवहार कसा चालतो ते सांगते, कारण सध्या माझे मुख्य काम तेच आहे. दिढीचे, म्हणजे पेरणीला दहा हजार घेतले तर कापूस निघाल्यावर पंधरा हजार द्यायचे, असे तोंडी व्यवहार पूर्वीपासून आहेत. मोठी रक्कम असली तर सावकार कर्जाचा कागद करतच नाही. तो शेताचे खरेदीखत करून घेतो. पैसे परत केले की शेत परत देतो, असा तोंडी शब्द. शेतकरी शेत कसत राहतो, व्याज देत राहतो, आणि एक दिवस फेरफाराची नोटीस येते. कागदावर सगळे कायदेशीर असते: विक्री झाली, किंमत मिळाली, साक्षीदार आहेत, सही आहे.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने यावर एक चांगली वाट काढून ठेवली आहे. सावकारीतून बळकावलेली स्थावर मालमत्ता असेल तर पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात, खरेदीखत रद्द ठरवू शकतात आणि जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढू शकतात. शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर परवानाधारक सावकारानेही तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि नसेल तर १२ टक्क्यांहून जास्त व्याज घ्यायचे नाही. अडचण पुराव्याची. सावकार म्हणतो मी शेत विकत घेतले, आणि नसलेल्या कर्जाचा कागद शेतकऱ्याने आणायचा कुठून?

इथे मला डेपोतली सवय उपयोगी पडली. एका विधवेच्या चार एकरांचे प्रकरण होते. वकील वर्ध्याचे होते. त्यांनी कायद्याची बाजू सांभाळली आणि कागद गोळा करायचे मी अंगावर घेतले. मी त्या एका खरेदीखतावर वाद घालत न बसता त्याच खरेदीदाराच्या नावाने झालेल्या इतर व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कचेरीतले दस्ताचे उतारे, काढत गेले. ते एका वहीत तारखेप्रमाणे मांडले. मग दिसू लागले की हा गृहस्थ दरवर्षी शेते घेतो आणि त्यांतली बरीचशी वर्ष-दोन वर्षांत त्याच माणसाला जवळपास दीडपट किमतीला परत विकतो. घेतो तो मे-जूनमध्ये. पेरणीच्या तोंडावर आपले वावर कोण विकते? आणि किंमत एकराप्रमाणे बदलत नाही. दोन एकर असोत की पाच, रक्कम दोन-अडीच लाखांच्या घरात, म्हणजे जितकी नड असेल तितकी. विक्रीनंतरही पीकपेऱ्यात कसणाऱ्याचे नाव जुन्या मालकाचेच. पटवाऱ्याने त्याच्या कर्तव्यापोटी लिहिलेली ती नोंद त्या विधवेच्या बाजूची सगळ्यात मोठी साक्षीदार ठरली. उपनिबंधकांसमोर वही ठेवली तेव्हा समोरच्या वकिलांनी ती खासगी टिपणे म्हणून उडवून लावली, पण प्रत्येक ओळीला नोंदणीकृत दस्ताचा क्रमांक होता. खरेदीखत रद्द झाले.

ती बाई मात्र निकालाच्या दिवशीही मुख्यत्वे एकाच गोष्टीवर चिडलेली होती. तिच्या नवऱ्याने सही केली त्या दिवशी ती कचेरीच्या बाहेर झाडाखाली बसून होती, आणि तिला आत कोणी बोलावले नव्हते. "मी वाचलं असतं ना जी, मी सातवी शिकेल आहो," हे ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. नवऱ्याचे शिक्षण चौथीपर्यंतचे.

आता सावकार अपिलात गेला आहे, विभागीय सहनिबंधकांकडे, नागपूरला. तिथे काहीही लागले तरी हरणारा उच्च न्यायालयात जाईल, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. मी संस्था काढलेली नाही, देणग्या घेत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब लिहून माझा घरखर्च चालतो, आणि वर्ध्याचे वकील बरेचसे काम पदरमोड करून करतात. पण नागपूर खंडपीठाचा खर्च त्यांच्याही आवाक्यातला नाही. फी कोणी किती द्यायची, यावर मागच्या आठवड्यात त्या बाईच्या ओसरीवर बरीच चर्चा झाली. यंदा त्या चार एकरांत तिने स्वतः तूर आणि सोयाबीन पेरले आहे. तूर विकली की निम्मी रक्कम मी देते, असे ती म्हणाली, आणि त्यातले पाच हजार तिने तेव्हाच काढून माझ्यापुढे ठेवले. मी नोटा मोजून पिशवीत टाकल्या. ती हात पुढे करून तशीच बसून राहिली. पावती दिल्याशिवाय उठू देणार नाही म्हणाली. माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हते, त्यामुळे पैसे पुन्हा तिच्या हातात देऊन मला ते आणायला पुलगावला जावे लागले.